गाडी पुढे पळते, मग धूळ मागून चिकटते कशी?

प्रश्न: ताई, आम्ही मेलबर्नला राहतो. गेल्या वर्षी एक सेकंडहॅन्ड मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी घेतली, मागची बाजू एकदम सपाट आणि उभी. जुलैच्या शाळेच्या सुट्टीत मुलांना घेऊन ॲडलेड, कूबर पेडी करत उलुरूपर्यंत जाऊन आलो. हायवे सगळा डांबरी, फक्त कूबर पेडीजवळ ब्रेकअवेजचे डोंगर बघायला कच्च्या रस्त्याने थोडं आत गेलो होतो. परत येऊन बघतो तर पुढे नुसते किडे चिकटलेले, बाजूंना थोडीफार धूळ आणि मागे मात्र सगळं लालेलाल, नंबर प्लेट वाचता येईना, रिव्हर्स कॅमेऱ्यात काही दिसेना. माझं म्हणणं मागून येणाऱ्या गाड्यांमुळे होतं, हे म्हणतात आपल्याच सायलेन्सरचा धूर आहे. पण मला खरा प्रश्न वेगळाच पडलाय. आपण ताशी १०० ने पुढे पळतोय तर धूळ मागे राहायला पाहिजे ना, ती आपल्याला गाठते कशी? आणि काही उपाय आहे का?

उत्तर: तुमचा शेवटचा प्रश्न एकदम नेमका आहे म्हणून तिथूनच सुरुवात करते. धूळ तुम्हाला मागून येऊन गाठत नाही. ती तुमच्याच चाकांनी उडवलेली असते, आणि गाडीच्या पाठीमागे हवेचा एक मोठा कप्पा तुमच्याबरोबरच पुढे ओढला जात असतो, त्यात अडकल्यामुळे ती धूळसुद्धा तुमच्यासोबतच ताशी १०० ने प्रवास करत असते. आणि त्या कप्प्याला टेकायला भिंत एकच, ती म्हणजे तुमच्या मोटरहोमची मागची बाजू.

आता हा कप्पा तयार का होतो ते बघा. समोरची हवा गाडीच्या नाकावर फाटते, थोडी टपावरून जाते, थोडी दोन्ही बाजूंनी, थोडी खालून. मागच्या कडेपर्यंत ती गाडीला धरून येते पण तिथे गाडी एकदम काटकोनात संपते. हवेलाही वजन असतं, वेग असतो, तिला असं झटकन वळता येत नाही, म्हणून ती कड सोडून सरळ मागे निघून जाते. मग गाडीच्या पाठीला लागून जी जागा उरते तिथे दाब कमी होतो आणि तिथली हवा गोल गोल फिरायला लागते. पावसाळ्यात पुलावरून खाली बघितलं असेल तर आठवेल, खांबाच्या पुढच्या अंगाला पाणी आपटून दोन्हीकडे जातं आणि खांबाच्या मागे मात्र फेस, काटक्या, पालापाचोळा जागच्या जागी फिरत राहतो, मधूनच प्रवाहाच्या उलट येऊन खांबालाच टेकतो. हवेत तेच होतं, फरक इतकाच की इथे खांब पळतोय आणि हवा उभी आहे.

तीन मीटर उंच मोटरहोमच्या मागे हा कप्पा साधारण तीन-चार मीटर लांब असतो. त्यात दोन मोठे भोवरे, टपावरून आलेली हवा वरून खाली वळते आणि गाडीखालून आलेली हवा खालून वर वळते. घाण करणारा हा खालचा. कारण गाडीखाली चाकं आहेत आणि त्यातली मागची चाकं या कप्प्याच्या अगदी तोंडाशी. टायरच्या खाचांमध्ये आलेली माती, बारीक खडी, पाणी सगळं चाकाबरोबर फिरतं आणि उडतं, जे जड असेल ते रस्त्यावर पडतं नाहीतर मडफ्लॅपवर आपटतं, जे बारीक असेल ते मात्र हवा जाईल तिकडे जातं. १० मायक्रॉनचा धुळीचा कण, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक, शांत हवेत सेकंदाला एक सेंटीमीटरसुद्धा खाली येत नाही. भोवरा त्याला उचलून वर नेतो, गाडीच्या पाठीवर आणून सोडतो, नाही चिकटला तर पुन्हा एक फेरी मारून आणतो.

पुढच्या वेळी गाडी धुवायच्या आधी एक करून बघा. मागच्या बाजूवरची लाल माती ओल्या बोटाने थोडी घ्या आणि दोन बोटांत चोळा, खरखर फार कमी लागेल, पिठूळ लागेल. मग मागच्या मडफ्लॅपच्या आतल्या अंगाला चिकटलेली माती तशीच चोळून बघा, तिथे जाडी रेती हाताला येईल. एकाच रस्त्यावरची माती, जाडी कुठे थांबली आणि बारीक कुठवर गेली ते तुमच्या बोटांना कळेल.

पुढे किडे आणि मागे धूळ, यातही कारण एकच आहे. किडा हवेच्या मानाने जड, गाडीच्या नाकापुढे हवा वळते तेव्हा त्याला तेवढ्या वेगाने वळता येत नाही, म्हणून काचेवर आपटतो. बारीक धूळ हवेबरोबर वळून निघून जाते, म्हणून पुढची बाजू धुळीच्या बाबतीत त्या मानाने स्वच्छ राहते. आणि अजून एक गोष्ट फारशी कोणी लक्षात घेत नाही, ती पावसाची. गाडी पळत असताना पाऊस पुढून आणि टपावर पडतो, पुढची काच आपोआप धुतली जाते. मागच्या बाजूला गाडीचाच आडोसा असतो, तिथे थेंब पोचतच नाहीत, पोचतो तो फक्त चाकांनी उडवलेला मातकट तुषार. तो सुकला की वर पुढचा थर बसायला तयार.

बरेच जण याला व्हॅक्यूम म्हणतात, पण दाब काही तसा फार पडत नाही. ताशी १०० ला अशा सपाट पाठीवरचा दाब ढोबळ हिशोबाने ९०-९५ पास्कलने कमी होतो, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या हजाराव्या भागाएवढासुद्धा नाही. पण मागची बाजू साडेपाच-सहा चौरस मीटरची असली की तेवढ्यातच साधारण ५० किलो वजनाइतकी ओढ गाडीला सतत मागे खेचत असते आणि त्याचे पैसे तुम्ही डिझेलमध्ये मोजता. ही ओढ वेगाच्या वर्गाने वाढते, ताशी ८० वर आलात की तीच ३५ किलोच्या आत येते, आणि टायरही कमी धूळ उडवतात. म्हणून कच्च्या रस्त्यावर वेग कमी ठेवणं हा मला सगळ्यात खरा उपाय वाटतो.

आता तुम्हा दोघांच्या वादाबद्दल. सायलेन्सरमधून निघते ती काजळी, काळी, आणि ती त्या थरात थोडी असेलही, पण तुमची गाडी लाल झाली होती. तो लाल रंग तिकडच्या मातीतल्या लोखंडाच्या ऑक्साईडचा आहे, म्हणजे रस्त्यावरूनच आला. मागून येणाऱ्या गाडीची धूळ तिच्याही मागे राहते, तुमच्यापर्यंत यायचा प्रश्नच नाही. पुढे असलेल्या गाड्यांचा मात्र वाटा असतो. तुम्ही गेलात त्या स्टुअर्ट हायवेवर ५३.५ मीटरपर्यंत लांबीच्या रोड ट्रेन, म्हणजे एकामागे एक ट्रेलर जोडलेले ट्रक चालतात, त्यातली एखादी कडेच्या मातीला चाक लावून गेली आणि तुम्ही त्या ढगात शिरलात तर ती धूळ तुमच्या कप्प्यातही येते. अंतर ठेवा, दिसत नसताना ओव्हरटेक तर अजिबात नको.

घरात अजूनही पटत नसेल तर लोकरीचे बोटभर लांब तुकडे चिकटपट्टीने गाडीच्या बाजूला आणि मागच्या बाजूला लावा आणि ओळखीच्या कोणालातरी दुसऱ्या गाडीतून सुरक्षित अंतर ठेवून मागे यायला सांगा, शेजारी बसलेल्याने व्हिडिओ काढायचा. बाजूचे धागे मागे ताणलेले दिसतील. पाठीवरचे कुठेही भरकटताना दिसतील आणि बरेच चक्क वरच्या दिशेला उभे राहिलेले. इंजिनियर लोकही विंड टनेलमध्ये, म्हणजे उभ्या गाडीवर जोरात हवा सोडून बघायच्या बोगद्यात, असे धागे लावतात, आणि घाण कुठे बसते ते बघायला चाकाजवळ चमकणारा रंग घातलेलं पाणी फवारून नंतर अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली गाडी बघतात.

उपाय म्हणाल तर पूर्ण उपाय नाही, आधीच सांगते, कारण आत उभं राहता येईल अशी गाडी हवी तर मागे सपाट भिंत येणारच, निमुळती शेपूट लावायची तर गाडी काही मीटर लांब होईल. टपाच्या मागच्या कडेला लावायची वाकडी पट्टी मिळते, ती वरची स्वच्छ हवा खाली काचेकडे वळवते. जुन्या स्टेशन वॅगनना ती असायची. वरच्या काचेला आणि तिथे कॅमेरा असेल तर त्याला थोडा फायदा होतो, खालचा भाग लालच राहतो, आणि उंच मोटरहोमला फार अपेक्षा ठेवू नका. रुंद, खालपर्यंत आलेले मडफ्लॅप जाडी माती आणि खडे नक्की अडवतात. कॅमेऱ्याच्या भिंगाला पाणी न धरणारं कोटिंग लावा.

मागचे दिवे, नंबर प्लेट आणि कॅमेरा मात्र प्रत्येक थांब्यावर ओल्या फडक्याने पुसायचेच. धुळीच्या रस्त्यावर तुमचे लाल दिवे मागच्याला दिसले नाहीत तर काय होईल याचा विचार करा, यात आळस नको.

आणि कृपा करून खिडक्या कोरड्या फडक्याने पुसू नका. मोटरहोमच्या राहत्या भागातल्या खिडक्या बहुतेक ॲक्रिलिकच्या, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या असतात, काचेच्या नाही, आणि या धुळीत क्वार्ट्झचे, म्हणजे गारगोटीचे कण असतात ते ॲक्रिलिकपेक्षा खूप कठीण. एकदा कोरडं पुसलं की चरे पडले, ते परत जात नाहीत. काच पुसायचा अल्कोहोल किंवा अमोनियावाला स्प्रेसुद्धा नको, त्याने ॲक्रिलिकला आतून बारीक बारीक तडे जातात. आधी नुसतं पाणी भरपूर सोडायचं, माती वाहून जाऊ द्यायची, मग सौम्य साबण आणि मऊ स्पंज. वाटेत पाणी जपून वापरायला लागतं, तेव्हा गावात पोचेपर्यंत मागची बाजू लाल राहिली तरी चालेल.

प्रश्न: आम्ही पर्थला असतो, आमच्या मोटरहोमची बाहेरची धूळ परवडली पण कच्च्या रस्त्यावर गेलो की आत कपाटात, भांड्यांत, पांघरुणात सगळीकडे लाल पावडर. सगळं बंद असूनही येते कुठून? मिस्टर म्हणतात दाराखालची जाळीची फट टेप लावून बंद करूया.

उत्तर: ती जाळी बंद करू नका, हे सगळ्यात आधी. दाराखाली किंवा जमिनीलगत असलेली ती जाळी गॅससाठी असते. एलपीजी हवेपेक्षा जड, गळती झाली तर खाली साचतो आणि त्याला बाहेर पडायला ती वाट ठेवलेली असते. टेप लावली, नंतर काढायची राहिली आणि रात्री शेगडी किंवा हीटर गळला तर काय होईल, थोड्या धुळीसाठी हा धोका पत्करायचा नाही.

धूळ आत येते कारण गाडीच्या आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी झालेला असतो. टपावरून हवा जोरात जाते, तिथे दाब कमी असतो, टपावरचं हॅच, म्हणजे हवेसाठीचं झाकण, जरासं जरी उघडं राहिलं तरी तिथून आतली हवा बाहेर खेचली जाते आणि तिची भरपाई मागून-खालून होते, म्हणजे जिथली हवा सगळ्यात घाण आहे तिथूनच. सिंकचा पाईप जमिनीतून जातो तिथली फट, मागच्या लॉकरच्या दाराचं सुकलेलं रबर, वायरी गेलेली भोकं, अशा जागा शोधा आणि नीट सील करा. शोधायची सोपी पद्धत म्हणजे प्रवासानंतर कपाटं लगेच पुसू नका, आधी टॉर्च तिरका धरून बघा, जिथून धूळ आली तिथे तिचा थर जाड असतो आणि पुढे पंख्याच्या आकारात पातळ होत गेलेला असतो. त्या जाड टोकाशी फट सापडते.

मग आतला दाब वाढवा. तुमच्याकडे ड्रायव्हरची केबिन आणि राहायचा भाग एकच आहे तर सगळी हॅच आणि खिडक्या बंद करून केबिनचा पंखा बाहेरची हवा घेईल असा लावा, जोरात. फिल्टरमधून गाळलेली हवा आत ढकलली जाते आणि फटींमधून हवा आत यायच्या ऐवजी बाहेर जाते. समोरून रोड ट्रेन धुळीचा ढग घेऊन आली तर तेवढ्यापुरतं रिसर्क्युलेशनवर, म्हणजे आतलीच हवा फिरवायच्या बटणावर टाका, ढग गेला की परत बाहेरच्या हवेवर. ओढायच्या कॅरॅव्हानला केबिन नसते म्हणून ऑस्ट्रेलियात त्यांच्या टपावर पुढे तोंड असलेलं फिल्टरवालं हॅच बसवतात, चालत्या गाडीची हवा त्यात शिरते आणि तेच काम होतं. केबिनचा फिल्टर मात्र ट्रिपनंतर काढून बघा, चोंदलेला असेल तर बदला.

आणि मागची खिडकी, मोटरहोमची असो नाहीतर साध्या गाडीची, चालताना उघडी ठेवू नका. ज्या कप्प्यात धूळ फिरते त्याच कप्प्यात सायलेन्सरचा धूरपण फिरतो आणि उघड्या खिडकीतून आत येतो. त्यात कार्बन मोनॉक्साईड असतो, रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त जोराने धरतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, मुलं मागे पेंगायला लागली तर आपल्याला वाटतं दमली असतील. आपल्याकडेही प्लायवूड नाहीतर कपाट आणायला डिकी उघडी ठेवून दोरीने बांधून गाडी चालवतात, त्यातही हाच धोका आहे, सामान टेम्पोत टाका. मोटरहोममध्ये कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म नसेल तर आजच घ्या.

प्रश्न: ताई नमस्कार, मी जत तालुक्यातला. एसटीच्या शेवटच्या सीटवर बसलं की उतरेपर्यंत डोकं पांढरं होतं. खिडकीतून वारं पुढून मागे जायला पाहिजे पण धूळ मागून पुढे येताना दिसते. असं कसं?

उत्तर: तुम्ही बरोबर बघितलंय. बसचं तोंड चपटं, पुढच्या कोपऱ्यावरून वळताना हवा बाजूला फेकली जाते आणि तिथल्या पहिल्या एक-दोन खिडक्यांपाशी दाब बराच कमी असतो. त्या खिडक्या उघड्या असल्या की बसमधली हवा तिथून बाहेर ओढली जाते आणि मागच्या खिडक्यांमधून, मागच्या काचेच्या फटींमधून नवी हवा आत येते. म्हणजे बाहेर वारं पुढून मागे, पण बसच्या आत मागून पुढे. आणि मागची हवा म्हणजे चाकांनी उडवलेली सगळी धूळ. त्यामुळे शेवटच्या सीटवाल्याने आपली खिडकी लावून भागत नाही, कच्चा पट्टा आला की पुढच्या लोकांनी खिडक्या लावल्या तर मागच्यांना आराम पडतो. कंडक्टरसाहेबांना सांगून बघा, पाच-दहा मिनिटांचाच प्रश्न असतो. दमा असलेल्यांनी आणि लहान बाळं घेतलेल्यांनी मधल्या सीटवर बसावं आणि बाकीच्यांनी त्यांना ती जागा द्यावी.

प्रश्न: नाशिकहून. माझ्या हॅचबॅकला मागे वायपर आहे, भावाच्या सेडानला नाही, तरी त्याची मागची काच माझ्यापेक्षा स्वच्छ राहते. कंपनीने वायपर न देऊन पैसे वाचवलेत की काय?

उत्तर: नाही, त्याला गरज कमी आहे. सेडानची मागची काच पडती असते, टपावरची हवा ती काच धरून डिकीपर्यंत येते आणि डिकी संपली की मग सुटते, त्यामुळे धुळीचा भोवरा डिकीच्या मागे, खाली राहतो. तुमच्या गाडीत हवा टपाच्या कडेलाच सुटते आणि काच सरळ भोवऱ्यात येते. १९८४ मध्ये अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साधारण एक मीटर लांबीच्या, साध्या ठोकळ्यावजा मॉडेलचा मागचा उतार बदलत बदलत विंड टनेलमध्ये मोजमाप केलं होतं, ३० अंशांच्या आसपास हवा उतार धरून राहायची ती एकदम सोडून देते. ते मॉडेल आजही गाड्यांच्या अभ्यासात वापरतात, त्याला अहमद बॉडीच म्हणतात. भावाच्या डिकीची उभी बाजू आणि नंबर प्लेट बघा, तिथे तुमच्याइतकीच माती असेल. तुम्ही फक्त वायपर फिरवायच्या आधी पाणी मारत जा, कोरडा फिरवला की रबराखाली रेती घासली जाते.

प्रश्न: कोल्हापूर. पावसात बाईक चालवली की शर्टाच्या पाठीवर मधोमध चिखलाची रेघ उठते, हापण तो भोवराच का?

उत्तर: थोडा भोवरा, पण मुख्य काम थेट टायरचं. चाकाचा वरचा भाग बाईकपेक्षाही जास्त वेगाने पुढे जात असतो, त्यामुळे टायरच्या मागच्या वरच्या अंगावरून सुटलेला चिखल वर आणि पुढे, म्हणजे तुमच्या पाठीकडे येतो. टायर मधोमध म्हणून रेघही मधोमध. दिसायला चांगलं म्हणून मागचं मडगार्ड कापून छोटं केलं असेल तर हे होणारच, पावसाळ्यापुरतं तरी मूळचं मडगार्ड आणि त्याखालचं रबर परत लावून घ्या, मागून येणाऱ्याच्या तोंडावरही उडणार नाही.